संगणकशास्त्र सर्वांसाठी

१९८४ साली केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत संगणक आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग सुचविले. तरीही हा विषय सर्वांना कशाला, असे इंदूरचे पालक आम्हांस विचारतात.

एका दाखल्यावर ‘कुळकर्णी’ व दुसऱ्यावर ‘कुलकर्णी’ असले, की अक्षरे जुळविणारे यंत्र ती दोन माणसे समजते. कियोस्कवर अर्ज अडलेला मुलगा दैवाला दोष देत परततो. तो नियम माणसानेच लिहिलेला असून बदलता येतो, हे संगणकशास्त्र शिकविते.

व्याकरण आम्ही सर्वांस शिकवितो, ते सारेच कवी व्हावेत म्हणून नव्हे. याचेही तसेच. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याने हे शाळेवाचून कोठे शिकावे?