महाग गाडी ओझं कमी का उचलते?

ऑस्ट्रेलियात मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला यूट म्हणतात. तिथल्या फोर्ड रेंजर या यूटच्या किमतींची यादी वाचताना थक्क व्हायला होतं. साधी, दोन दारांची, स्वस्तातली रेंजर एक टनाहून बरंच जास्त वजन पेलते. त्याच घराण्यातली महागडी रॅप्टर मात्र फक्त 717 किलो! पैसे जास्त, इंजिन दांडगं, टायर भलेमोठे, आणि ओझं कमी. हे होतं कसं?

उत्तर एका वजाबाकीत आहे. भरलेल्या गाडीचं वजन किती असावं याची कमाल मर्यादा ठरलेली असते. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की जे उरतं, ते माणसांचं आणि मालाचं. मागची सीट, जादा दोन दारं, पुढचा लोखंडी गार्ड, टपावरचा कॅरियर: प्रत्येक वस्तू मालाच्या वाट्यातले किलो खाते. शिवाय रॅप्टरला मागे कमानपाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा आहेत. खडबडीत वाटेवरून भरधाव जाताना त्या चाकं जमिनीला धरून ठेवतात. कमानपाट्यांचा स्वभाव उलटा. रिकाम्या गाडीत ते दणके देतात, पण ओझं चढलं की भार चासीवर दोन ठिकाणी वाटून देतात आणि गाडी शांत होते. ओझं वाहणं हेच त्यांचं काम.

साध्या यूटच्या मागे सपाट ट्रे बसतो, जवळपास अडीच मीटर लांबीचा. ऑस्ट्रेलियातलं प्रमाणित पॅलेट 1165 मिलिमीटर लांब-रुंद असतं. अशी दोन पॅलेटं त्यावर एकामागे एक बसतात. बाजूचे फाळके खाली पाडले की फोर्कलिफ्ट कुठूनही माल चढवू शकते. चार दारांच्या डबल कॅबमध्ये हौद्याला उरते साधारण दीड मीटर लांबी, आणि चाकांवरचे उंचवटे आत घुसलेले. म्हणजे दिसायला ओकीबोकी गाडी कामाच्या हिशेबात श्रीमंत निघते.

यूटचा जन्मच मुळी कामातून झाला. 1932 मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागातून एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीला पत्र लिहिलं, असं सांगतात. रविवारी चर्चला जाताना भिजायला नको आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता यावीत, अशी एकच गाडी तिला हवी होती. जिलाँगच्या कारखान्यातला लू बँट हा तरुण आराखडाकार कामाला लागला. कारची केबिन आणि मागचा हौदा त्याने एका सलग अंगात गुंफला आणि दोन्हींच्या सांध्याला मजबुती दिली. 1934 मध्ये गाडी बाजारात आली. एका घराची अडचण कंपनीने ऐकली आणि त्यातून वाहनांचा एक नवा प्रकार उभा राहिला!

पुढे फोर्डची फाल्कन यूट 1961 पासून निघू लागली. 1999 मध्ये तिची केबिन आणि हौदा वेगळे केले गेले, त्यामुळे कारागिराला हवा तसा ट्रे मागे बसवता येऊ लागला. 2016 मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि 2017 मध्ये होल्डन या दुसऱ्या कंपनीचा कारखानाही बंद झाला. आज तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक यूट थायलंडमधून येतात. 2005 पासूनच्या मुक्त व्यापार करारामुळे त्यांच्यावर आयातशुल्क नाही.

मग साध्या गाडीचं गिऱ्हाईक मागे का पडलं? याचं एक कारण करात आहे. एक टन किंवा जास्त भार वाहणाऱ्या वाहनाला तिथला कर्मचारी-सवलतींवरचा कर ‘कार’ समजत नाही. खासगी वापर मर्यादित ठेवला तर डबल कॅबलाही सूट मिळू शकते. त्यामुळे कामाला आणि कुटुंबाला एकच गाडी, हा हिशेब असंख्य घरांना पटला. 2016 ते 2022 या काळात टोयोटाची हायलक्स ही यूट आणि 2023, 2024 मध्ये रेंजर देशातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली. चामड्याची सीटं, मोठे स्क्रीन, रंगीत पट्टे यांवर कंपनीला नफा जास्त सुटतो. साध्या गाडीचं गिऱ्हाईक पैशापैशाचा हिशेब मांडतं. त्यामुळे जाहिरात, नवं इंजिन, नवा रंग आधी डबल कॅबला मिळतो. बीवायडी कंपनीची शार्क 6 ही यूट तिथे आली तीही डबल कॅब म्हणूनच, 790 किलो भारक्षमतेची.

या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. महिंद्राने आपली पिक-अप ऑस्ट्रेलियात सिंगल कॅब आणि सपाट ट्रेसह विकली. तिची ओळख शेतावरची कामाची गाडी हीच होती. पण 2023 मध्ये महिंद्राने जगासाठीच्या नव्या पिकअपचा नमुना दाखवला, तो चार दारांचाच.

डबल कॅब घेणाऱ्याचं काही चुकत नाही. मुलांना शाळेत सोडणं हेही कामच आहे. पण कुंपणाचे खांब, सिमेंटच्या गोण्या, चाऱ्याचे गठ्ठे वाहणाऱ्या माणसाला धुता येईल अशी फरशी, कमरेच्या उंचीचा ट्रे आणि खरा एक टन भार हवा असतो. ही मागणी जुनाट नाही. वजन, लांबी आणि पाट्यांचं ते अचूक गणित आहे आणि ते सोडवायला उत्तम अभियंते लागतात. फोर्डने 1932 मध्ये अशाच एका गिऱ्हाइकाची मागणी मनावर घेतली होती. आज साध्या ट्रेच्या गाडीवर तितकंच डोकं खर्च करणारी कंपनी त्याच परंपरेची खरी वारस ठरेल.