आवृत्तिनियंत्रण आज्ञा

संगणकाच्या आज्ञावलीत किंवा अन्य लेखनात वेळोवेळी होणारे बदल क्रमवार नोंदवून ठेवणाऱ्या आणि पूर्वीच्या हव्या त्या आवृत्तीकडे परत जाण्याची सोय करणाऱ्या प्रणालीस आवृत्तिनियंत्रण प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीला कार्य सांगण्यासाठी जे ठराविक शब्द टंकलिखित करावे लागतात, त्या आवृत्तिनियंत्रण आज्ञा होत. या प्रकारच्या आरंभीच्या प्रणालींपैकी एससीसीएस ही प्रणाली मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केली. सांप्रत सर्वाधिक प्रचारात असलेली गिट ही प्रणाली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्याच्या विकासकार्यासाठी एप्रिल २००५ मध्ये निर्माण केली.

गिटमध्ये मजकूर तीन ठिकाणी असतो : प्रत्यक्ष काम चालू असलेल्या फायली, पुढील नोंदीसाठी निवडलेले बदल आणि कायम नोंदींचे भांडार. बहुतेक आज्ञा मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतात. ही रचना ध्यानात न आल्यास नवशिक्याला आज्ञा दुर्बोध वाटतात. त्यातच मधल्या ठिकाणाला इंडेक्स, कॅश व स्टेजिंग एरिया अशी तीन नावे आहेत.

खरी अडचण एकाच शब्दावर अनेक कामे सोपविल्यामुळे उद्‌भवते. सबव्हर्जन या प्रणालीत ‘चेकआउट’ म्हणजे मध्यवर्ती भांडारातून कामाची प्रत आणणे. गिटमध्ये मात्र एका शाखेवरून दुसरीवर जाणे आणि फायलीतील बदल टाकून देऊन जुना मजकूर परत आणणे, ही दोन्ही कामे याच आज्ञेने होत. पहिल्या कामात चालू बदल पुसले जाणार असतील, तर गिट सामान्यतः नकार देते. दुसऱ्यात ते विनासूचना नष्ट होतात. त्यांची प्रत भांडारात नसल्यामुळे दिवसभराचे श्रम वाया जाऊ शकतात. ‘रिव्हर्ट’चीही तीच गत आहे. सबव्हर्जनमध्ये तिने नोंद न झालेले बदल रद्द होतात, तर गिटमध्ये जुन्या नोंदीचा परिणाम उलटविणारी नवी नोंद तयार होते.

यावर उपाय म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये गिटच्या २.२३ या आवृत्तीत ‘चेकआउट’ची ही दोन कामे विभागण्यात आली. शाखा बदलण्यासाठी ‘स्विच’ व फायली पूर्ववत करण्यासाठी ‘रिस्टोअर’ या स्वतंत्र आज्ञा आल्या. शाखेऐवजी एखाद्या सुट्या नोंदीवर जावयाचे असल्यास ‘स्विच’ला तसे स्पष्ट सांगावे लागते, त्यामुळे नकळत आडवाटेला जाणे टळते. सद्यःस्थिती दाखविणारी ‘स्टेटस’ ही आज्ञाही तेव्हापासून ‘रिस्टोअर’ सुचवू लागली. असंख्य जुन्या आज्ञावल्या ‘चेकआउट’वर अवलंबून असल्याने ती काढून टाकलेली नाही.

सँटिआगो पेरेझ दे रोसो व डॅनिएल जॅक्सन या मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी याहून मूलगामी मार्ग अनुसरला. त्यांनी गिटच्या मूळ संकल्पनांचे विश्लेषण करून मधले ठिकाणच वगळणारी ‘गिटलेस’ ही प्रणाली रचली.

नावे बदलल्याने सर्व संभ्रम नाहीसा होत नाही. ‘रीसेट’ या आज्ञेचे सौम्य, मिश्र व कठोर असे तीन प्रमुख प्रकार अजूनही एकाच नावाखाली आहेत आणि त्यांपैकी कठोर प्रकार चालू काम पुसून टाकतो. एका आज्ञेचा एकच हेतू असणे आणि विनाशकारी कृतीचे नाव निरुपद्रवी कृतीहून वेगळे असणे, ही सुलभतेची मुख्य तत्त्वे होत. ती पूर्णपणे अंमलात येईपर्यंत कोणताही बदल रद्द करण्यापूर्वी ‘स्टेटस’ पाहणे व काम नोंदवून ठेवणे हेच नवशिक्यास हितावह ठरते.