रेक्टरचं काम फक्त हजेरी घेणं नाही! वसतिगृह कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण सक्तीचं. नियम काय सांगतो?

शिरूर/दौंड : गावाकडून शिकायला आलेल्या मुलाला रात्री ताप भरला, त्याचं रॅगिंग झालं किंवा तो अचानक गप्प झाला, तर आई-वडिलांच्या आधी हे कळतं ते वसतिगृहाच्या रेक्टरला. पण अशा वेळी काय करायचं, हे त्यांना कोण शिकवतं?

रेक्टर कसा असावा?
यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार रेक्टर पूर्णवेळ हवा. तो वसतिगृहात किंवा अगदी जवळ राहणारा हवा. शिस्त राखण्याबरोबरच मुलांशी बोलण्याचं, समुपदेशनाचं कौशल्यही त्याच्याकडे हवं.

प्रशिक्षण कशाचं?
सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थी आत्महत्या रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यानुसार शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्य तज्ज्ञांकडून प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. धोक्याची लक्षणं ओळखणं, मानसिक प्रथमोपचार आणि योग्य ठिकाणी मदतीसाठी पाठवणं, हे त्यात येतं. स्वयंपाकी, सुरक्षारक्षकही शिक्षकेतर कर्मचारीच. ताट न घेता परतणारा मुलगा आधी त्यांनाच दिसतो.

पालकांनी काय विचारावं?
प्रवेश घेताना तीन प्रश्न विचारा : रेक्टर रात्री कुठे राहतात? शेवटचं प्रशिक्षण कधी झालं? समुपदेशक कोण?

मदत हवी असल्यास
रॅगिंगविरोधी हेल्पलाइन : १८००-१८०-५५२२
टेलिमानस : १४४१६