एक शब्द, दोन ससे

बारामतीहून इंदापूरकडे जाताना एका वस्तीवर, गोठ्याला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये सशांचे पिंजरे दिसले म्हणून थांबलो. घरधन्यांनी हिशेब सांगितला : मोठे पांढरे प्रदर्शनात मांडायचे, पिल्ले पोरांना खेळायला विकायची, उरलेले ढाब्यावर द्यायचे. ढाब्यावर किती जातात, असे विचारले तर हसले. "लोक आधी विचारतात, रानातला आहे का?"

धंद्याची निम्मी अडचण या प्रश्नात आहे. मराठीत ससा हा एकच शब्द, पण प्राणी दोन. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारांच्या सोबतीने दिसतो तो मानेवर काळा डाग असलेला रानससा. तो बीळ खणत नाही. गवतात दबून बसण्यापुरता खळगा करतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पिंजऱ्यातल्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे. तो बिळात गोतावळ्याने राहणारा. त्याची पिल्ले उघडीबोडकी आणि आंधळी, दहाएक दिवसांनी डोळे उघडणारी. रानसशाची गुणसूत्रे 48, पाळीवाची 44, आणि दोघांचा संकर होत नाही. रानातला नर लावून पैदास काटक करू म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांनी तो नाद सोडावा. आपली ससेहोलपट, चंद्रावरचा डाग, हे सगळे रानसशाचे. पाहुणा मागाहून आला आणि त्याच नावावर राहिला.

मांस खाणाऱ्याच्या जिभेवर आठवण असते ती शिकारीच्या सशाची. त्याचे मांस गडद, पाळीवाचे कोंबडीसारखे फिके. ताटात आले की गिऱ्हाईक म्हणते, फसवले. रानसशाची शिकार 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पाळीवाचे खाणे गुन्हा नाही, तरी अन्नसुरक्षेच्या 2011च्या नियमांत मांसाच्या जनावरांमध्ये त्याचे नाव सुरुवातीला नव्हतेच. नंतर घातले गेले. उरला तो वर्ग, ज्याच्या मुलांनी सशाला नाव ठेवलेले असते. तो कशाला खाईल?

मग हे पिंजरे आले कुठून? ते घरधन्यांनी दुसऱ्या चहाला सांगितले. ससेपालन आपल्याकडे बऱ्याचदा 'युनिट'वर विकले गेले : सात माद्या, तीन नर, पिंजरे, आणि पिल्ले परत विकत घेण्याचा करार. यांनी अशी दोन युनिटे घेतली, सोसायटीचे कर्ज अंगावर असताना. पहिली दोन वेते उचलली गेली. तिसऱ्याला फोन लागेना. प्रदर्शन, पोरे आणि ढाबा ही योजना नव्हती. गळ्यात पडलेले निस्तरण्याचा तो मार्ग होता.

करार कसा तुटतो हे पाहायला कागद-पेन्सिल पुरे. मादीला गाईसारखा ठरावीक माज नसतो. नराशी संयोग झाल्यावर बीज सुटते आणि 31 दिवसांच्या आसपास ती विते. (तिला नराच्या पिंजऱ्यात न्यायचे. उलट केले तर ती नराला बोचकारते.) वर्षाला पाच वेते आणि वेताला सहा पिल्ले एवढेच धरा. सात माद्यांची 210 पिल्ले, त्यांत निम्म्या माद्या, म्हणजे 105. त्यातून 15 नवी युनिटे. ती विकली की पुढच्या वर्षी 225, तिसऱ्या वर्षी 3375. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मिळून गावे तीनशेसुद्धा नाहीत. कोणी खाणारा नसेल तर ससा फक्त पुढच्या ससेवाल्याला विकता येतो, आणि पुढचे ससेवाले तिसऱ्या वर्षीच संपतात. तमिळनाडूत पेरुंदुराईच्या इमू योजनेचे 2012 मध्ये हेच झाले, 2019 मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथाचेही.

तीन गिऱ्हाइकांचा मेळ तरी बसतो का? मांसाला तीन महिन्यांचे, दोनेक किलोचे जनावर लागते. प्रदर्शनाला पूर्ण वाढलेले. अमेरिकेत सशांच्या प्रदर्शनासाठी जातवार कान, अंगलट आणि केस तपासण्याचे प्रमाण ठरलेले आहे. आपल्याकडे लोक मोठा ससा पाहून फोटो काढतात आणि पुढच्या म्हशीकडे जातात. पोरांना तर मुठीत मावणारे पिल्लू हवे. म्हणून ते तीन आठवड्यांचे असतानाच आईपासून तोडतात, आणि ते हगवणीने चार दिवसांत मरते. किमान महिना, शक्यतो पाच आठवडे ते आईजवळ हवे. गाजरावर ससा जगत नाही, त्याला चारा लागतो. दात आयुष्यभर वाढतात, ते चाऱ्यानेच झिजतात.

शिवाय ऊन. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो. तिशीच्या वर पारा गेला की तो हैराण होतो आणि नर काही आठवडे नापीक राहतो. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे सशांवर काम करणारे एक केंद्र मन्नवनूरला आहे, कोडाईकनालच्या थंड डोंगरात. इथे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि वर पत्रा.

मे महिन्यात मी पुन्हा गेलो. पत्र्यावर उसाचे पाचट अंथरले होते, पिंजऱ्यांवर ओली पोती होती. सहापैकी दोन नर उरले होते. घरच्या बाई लसूणघासाचा भारा सोडत होत्या. निम्मा सशांपुढे, निम्मा शेळ्यांपुढे. विचारले, "कोणी युनिट मागायला येतं का?"

"आलं होतं एक पोरगं, भिगवणकडचं," त्या म्हणाल्या. "चहा पाजला नि परत लावलं."