गावाचा आराखडा शिकणारी पोरे

विहिरीच्या काठावर चार अनोळखी पोरे-पोरी टेप आणि वही घेऊन उभी दिसली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या खात्याकडनं आलाय?" खाते म्हटले की मागून वसुली येणार, नाहीतर नोटीस येणार, ही आपली धारणा, आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. मग विहीर साठ फूट असली तर चाळीस सांगायची, बोअर तीन असले तर एकच दाखवायचे, आणि मोटार किती अश्वशक्तीची असे विचारले की गोष्ट यंदाच्या पावसाकडे वळवायची. पण ही पोरे पुष्कळदा कोणत्याच खात्याची नसतात. ती एखाद्या विद्यापीठातून, अभियांत्रिकी महाविद्यालयातून, नाहीतर पवईच्या आयआयटीतून आलेली असतात, आणि गावाचे नियोजन कसे करावे हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय असतो. सभासद बंधू-भगिनींनो, त्यांच्याविषयी या अंकात लिहायचे आम्ही ठरवले याचे कारण असे, की त्यांच्या वहीत जे उतरते त्याचा आपल्या उसाशी, आपल्या पाण्याशी आणि आपल्या मुलामुलींच्या पुढच्या शिक्षणाशी जवळचा संबंध आहे.

"पोरगं प्लॅनिंग शिकतंय म्हणजे घराचे प्लॅन काढायला शिकतंय का?" असे पालक विचारतात. तसे नव्हे. घराचा नकाशा काढणारा वेगळा. रस्ता कोठून न्यायचा, पाण्याची टाकी कोणत्या उंचवट्यावर बांधायची, शाळेला जागा कोणती आणि बाजाराला कोणती, वस्ती कोणत्या अंगाने वाढू द्यायची, आणि गाठीला पैसा थोडा असताना यातले आधी काय करायचे, हे ठरवण्याचे हे शास्त्र आहे. ठरवण्याच्या आधी, गावात आज काय आहे ते मोजायचे. आमच्या मते या विद्येचा गाभा मोजण्यातच आहे. नकाशे रंगवणे सोपे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग निघाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख म्हणून पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश गृहस्थ आले. हे नावाजलेले नगररचनाकार. नकाशावर पट्टी ठेवून जुन्या पेठेतून सरळ रस्ता काढणाऱ्या साहेबांचा त्यांना मनापासून तिटकारा. गल्लीबोळ पायी हिंडावेत, लोक कोठे बसतात-उठतात ते पाहावे, आणि एखादे पडके घर काढून किंवा एखादा आड दुरुस्त करून भागत असेल तर सगळी आळी पाडू नये, असे त्यांचे सांगणे. आधी पाहणी, मग निदान, त्यानंतर उपचार; वैद्याचाच क्रम म्हणा ना.

ऊस उत्पादकाने मात्र आणखी एक नाव ध्यानात ठेवावे, ते धनंजयराव गाडगीळांचे. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. पुस्तकातून अर्थशास्त्र शिकवून ते थांबले नाहीत; संस्थेचे संशोधक त्यांनी गावोगाव धाडले. वाई तालुक्यातल्या शेतीच्या हिशेबांची पाहणी १९४० साली छापून निघाली. त्यानंतर गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांमुळे खरोखर कोणाचा किती फायदा झाला याचा अभ्यास झाला, तो १९४८ चा. कालव्याखालची गावे एका बाजूला आणि कोरडवाहू गावे दुसऱ्या बाजूला ठेवून शेताचे उत्पन्न, मजुरी, व्यापार यांची तुलना त्यात मांडली आहे. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी त्याच प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करण्याचा ध्यास घेतला. १९५०-५१ च्या हंगामात तो सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. हेच गाडगीळ १९६७ साली देशाच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. आज आपण ज्या पद्धतीच्या कारखान्याचे भागधारक आहोत, तिच्या मुळाशी असा शिवार पाहिलेला अभ्यासक आहे. टेपवाल्या पोरांना बांधावरून हुसकावून लावण्याआधी एवढे तरी आठवावे.

आता या पोरांकडे वळू. पवईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारे केंद्र निघाले. 'सितारा' या आद्याक्षरी नावाने ते ओळखले जाते. तेथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयाची एम.टेक. पदवी २००७ पासून मिळते. या अभ्यासक्रमाची आम्हांला आवडलेली गोष्ट अशी, की विद्यार्थ्याला सुमारे दहा आठवडे खेड्यात मुक्काम करावा लागतो. मुक्काम म्हणजे सकाळी गाडीने येऊन संध्याकाळी परत, असे नव्हे. बायका हंडा घेऊन किती लांब जातात, सरकारी नळयोजना कागदावर पुरी झालेली असताना वरच्या आळीला पाणी का चढत नाही, हे रोज बघायचे. शिवारफेरी काढायची, विहिरींची पाणीपातळी मोजायची, ग्रामपंचायतीचे दप्तर वाचायचे आणि ते शिवाराशी ताडून पाहायचे. दप्तर आणि शिवार यांत अंतर किती, हे आपल्याला वेगळे सांगायला नकोच.

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्याचे उदाहरण घ्या. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त, मुंबईला पाणी पुरवणारी वैतरणेची धरणे याच मुलखात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकर! आपल्याकडे चारशे-पाचशे मिलिमीटरवर दिवस काढणाऱ्याला हे खरेदेखील वाटणार नाही. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी या भागाचा अभ्यास केला. पाणी जवळ आहे, पण पाडे विखुरलेले आणि चढउतार फार. एकेका पाड्यासाठी सुटी योजना केली की विहीर आटते आणि योजना बंद पडते. मग अनेक गावांना मिळून एकच योजना परवडते का, धरणाचे पाणी उतारानेच किती लांब जाते, याची गणिते त्यांनी मांडली. याच संस्थेत नळयोजनेची आखणी करणारी 'जलतंत्र' नावाची संगणकप्रणाली तयार झाली. कोणत्या व्यासाची नळी कोठे टाकली म्हणजे शेवटच्या वस्तीपर्यंत पाणी पोचेल आणि खर्च कमीत कमी होईल, हे ती सांगते, आणि ती कोणालाही फुकट वापरता येते. आपल्याकडे उपसा योजनेची पाइपलाइन टाकताना ठेकेदार सांगेल तो व्यास आपण मान्य करतो आणि मग शेवटच्या सभासदाच्या शेतात पाणी करंगळीएवढे येते. असो.

यापुढची गोष्ट मात्र आपल्याला बोचणारी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. राज्यात २०१८ साली जागतिक बँकेच्या मदतीने हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प सुरू झाला, 'पोकरा' या नावाने तो लोकांना ठाऊक आहे. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशाकडची पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत त्यासाठी आयआयटीच्याच गटाने बसवून दिली. रीत कारखान्याच्या ताळेबंदासारखीच आहे: एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च.

आपणही एक हिशेब करून पाहू. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरावर पडला की दहा हजार लिटर पाणी झाले. गावाचे शिवार हजार हेक्टर आणि पाऊस पाचशे मिलिमीटर धरला, तर वर्षाची जमा पाचशे कोटी लिटर. आता खर्च. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. रब्बी ज्वारी चाळीस-पन्नास लाखांत भागवते. त्या गावात शंभर हेक्टर ऊस असेल तर त्यालाच दोनशे ते अडीचशे कोटी लिटर हवे. म्हणजे शिवाराच्या दहाव्या हिश्शावर गावाच्या साऱ्या पावसाच्या चाळीस ते पन्नास टक्के पाणी! आणि पडलेला सगळा पाऊस काही हाती लागत नाही. बराच वाहून जातो, बराच वाफ होऊन उडतो. कालव्याच्या गावात पाणी बाहेरून येते म्हणून ही तूट दिसत नाही, एवढेच. पण ते पाणीसुद्धा कोणाच्या तरी शिवारावरच पडलेले असते.

केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेही लिहून ठेवले आहे की महाराष्ट्रात ऊस पिकांखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात. हे वाक्य ऐकले की आपण चिडतो. शहरातले लोक उसाला शिव्या देतात असे म्हणतो, आणि त्यात तथ्यही आहे. ऊस हे हमखास पैसा देणारे एकमेव पीक का झाले, याचा विचार ते करत नाहीत. तरी आमचे स्पष्ट मत असे, की आकडा खोटा वाटत असेल तर तो आपण स्वतः मोजून खोडून काढावा. विहिरीची खोली लपवून तो खोडता येणार नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे या अभियंत्याने १९७४ साली पाणी पंचायतीचे काम सुरू केले. त्यात पाण्याचा वाटा घरातल्या माणसांवर ठरला, जमिनीवर नव्हे. भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य केला. सगळ्यांनी तसेच करावे असे आम्ही म्हणत नाही. आपला तर कारखानाच उसावर चालतो. पण ठिबकावर ऊस नेऊन वाचलेले पाणी कोणाचे, ते आणखी दोन एकर लागणीचे की खालच्या वस्तीच्या नळाचे, हा प्रश्न गावाच्या आराखड्यात आज ना उद्या येणारच आहे.

आराखडा म्हटल्यावर ग्रामपंचायतीचा विषय निघतोच. १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, आणि चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने दरवर्षी आराखडा करायचा असतो. तो कसा होतो हे आपण सगळेच जाणतो. पुष्कळ ठिकाणी ग्रामसेवक एका संध्याकाळी मागच्या वर्षीचा कागद पुढे ओढतो, त्यात गटार, पेव्हर ब्लॉक आणि सभामंडप बसवतो, आणि सह्या दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन होतात. महिलांची ग्रामसभा आधी घ्यायची असा कायदा आहे. ती किती गावांत खरी होते हे भगिनींनीच सांगावे. शिकलेली पोरे जिथे मुक्कामाला असतात तिथे देवळापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. म्हातारी माणसे, बायका, शाळेतली मुले काठ्या-खडे ठेवून "इथं पाणी तुंबतं", "इथं लाईट नाही" असे दाखवतात. त्या नकाशावर आणखी एक गोष्ट उमटते, ती आपण कधी मांडत नाही. हंगामात फडाजवळ उतरलेल्या तोडणी टोळ्यांच्या कोप्या. ती माणसे आपल्या गावचे मतदार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी नळ नाही, संडास नाही. वर्षाचे पाच महिने गावात राहणारी शे-दोनशे माणसे आराखड्याबाहेर राहतात, आणि आपला ऊस तर त्यांच्याच कोयत्यावर कारखान्यात जातो.

हे शिकून पुढे काय, ही पालकांची काळजी रास्त आहे. नीती आयोगाने २०२१ साली हिशेब दिला आहे की देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्के वस्त्यांना आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना खात्यांत बारा हजारांहून जास्त नियोजनकार हवेत, आणि तेव्हा मंजूर पदे चार हजारांच्या आत, त्यांतलीही बरीच रिकामी. गरज आहे म्हणजे नोकरी लगेच आहे असे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. या विषयातली काही मुले सरकारी नगररचना खात्यात जातात, काही सल्लागार कंपन्यांत, काही पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थांत, तर काही पीएच.डी. करून शिकवायला लागतात. पगार संगणकवाल्यांएवढा बहुधा नाही. पण कारखान्याच्या गेटासमोर बिनआराखड्याने वाढलेली आपल्याकडची गावे पाहा: हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतून शाळेची पोरे वाट काढतात. तेथे हे शिकलेला एक तरी माणूस हवा की नको?

राज्य सरकारने २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान काढून जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्याच परिसरातल्या योजनांचा अभ्यास करावा अशी सोय केली. बऱ्याच साखर कारखान्यांच्या परिसरात अशी महाविद्यालये उभी आहेत. तेथे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट शहरातल्या दुकानातून तयार आणण्याची चाल पडली आहे. त्याऐवजी मुलांनी आपल्याच उपसा योजनेची गळती मोजली, तर मार्क मिळतील आणि कामही होईल. अशा महाविद्यालयाच्या संचालक मंडळावर जे सभासद असतील त्यांनी हा विषय बैठकीत जरूर काढावा.

बारावीला गणित घेतलेल्या मुलामुलींना चार वर्षांच्या बी. प्लॅनिंग पदवीला जाता येते. त्यासाठी जेईई मेन परीक्षेतला नियोजनाचा स्वतंत्र पेपर द्यावा लागतो. पुण्याचे सीओईपी, दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादचे सेप्ट येथे नियोजनाचे शिक्षण मिळते. अभियांत्रिकीची पदवी झालेल्यांना गेट परीक्षा देऊन पवईच्या एम.टेक.ला अर्ज करता येतो. समाजशास्त्राकडचा ओढा असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र तुळजापूरलाच आहे. आणि उन्हाळ्यात मुक्कामाला विद्यार्थी आले, तर माडीवरची एक खोली आणि विहिरीचा खरा आकडा, एवढे त्यांना द्यावे.