संकटात वाढणारा विश्वास

देशावर हल्ला झाला किंवा युद्ध पेटले की सत्तेवरच्या नेत्याची लोकप्रियता एकाएकी उसळते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी 1970 मध्ये या परिणामाची पद्धतशीर मांडणी केली. सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्याआधी गॅलप संस्थेच्या पाहणीत अमेरिकी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कामावर 51 टक्के लोक समाधानी होते. दोन आठवड्यांत हा आकडा 90 झाला. त्याहून बोलके उदाहरण 1961 चे. अमेरिकेच्या पाठिंब्याने झालेली क्यूबावरची ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम पुरती फसली, तरीही अध्यक्ष केनेडी 83 टक्क्यांवर पोहोचले. ही यशाला मिळालेली दाद नक्कीच नव्हती.

देशाभिमान हे याचे एक कारण. राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रॉडी यांचे स्पष्टीकरण मात्र अधिक पटते: संकटात विरोधी नेते टीका आवरतात, त्यामुळे जनतेच्या कानावर एकच बाजू पडते. पक्षाचे निष्ठावंत आधीपासूनच पाठीशी असतात. भर पडते ती मुख्यतः विरोधी मतदारांची, म्हणून ती टिकत नाही. आखाती युद्धानंतर 1991 मध्ये 89 टक्क्यांवर असलेले थोरले बुश (जॉर्ज डब्ल्यू. यांचे वडील, तेव्हाचे अध्यक्ष) पुढच्याच वर्षी, मंदावलेल्या अर्थव्यवस्थेच्या काळात, बिल क्लिंटन यांच्याकडून निवडणूक हरले.