गाडीतला सिगारेटचा वास

चुलीच्या वरची भिंत तुम्ही पाहिलीच असेल. ती काळी पडते. बोट फिरवले तर बोटाला चिकट काजळी लागते. चूल विझते, धूर निघून जातो, पण काजळी भिंतीवरच राहते. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्या भिंतीचा वास घरभर येतो.

मोटारीचे असेच आहे. मोटार म्हणजे चाकांवरची एक लहान खोली. त्या खोलीत कोणी रोज सिगारेट-विडी ओढली, तर काय होत असेल?

घाटकोपरला आमचे एक स्नेही राहतात. गाव पाटण तालुक्यात. पुष्कळ वर्षे त्यांनी दुसऱ्याची टॅक्सी चालवली. मग हप्त्याने स्वतःची जुनी गाडी घेतली. वैशाखात घेतली तेव्हा गाडीत मोगऱ्याचा वास घमघमत होता. त्यांना वाटले, मालक मोठा हौशी दिसतो! जूनमध्ये पाऊस लागला. काचा वर गेल्या, एसी सुरू झाला, आणि मोगऱ्याच्या खालून सिगारेटचा वास वर आला. आधीचा मालक गाडीतच सिगारेट ओढायचा, हे तेव्हा कळले.

अंधेरी स्टेशनला एक बाई गाडीत बसल्या आणि लगेच उतरल्या. "दादा, आत्ताच सिगारेट ओढलीत ना?" असे विचारून गेल्या. बोरिवलीचे एक लांबचे भाडेही असेच गेले. हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही.

त्यातच त्यांची लेक मुलुंडच्या दवाखान्यात बाळंत झाली. बाळाला घरी आणायचे होते. घरच्या बाई म्हणाल्या, "अहो, ह्या वासाच्या गाडीतून आणायचं का लेकराला?"

"काचा उघड्या ठेवू की," स्नेही म्हणाले.

काचा उघडून भागत नाही, ते का हे आधी समजून घेऊ. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त पदार्थ असतात. त्यांतले सुमारे सत्तर कर्करोग करणारे आहेत. धुरातले डांबर आणि निकोटीन काचेवर, सीटच्या कापडावर, छताच्या अस्तरावर बसते. त्याचा पातळ, पिवळट, चिकट थर होतो. ऊन लागले किंवा हवा दमट झाली, की थरातले पदार्थ थोडे थोडे हवेत सुटतात. तोच आपल्याला येणारा वास. वाऱ्याने हवा बदलते. थर जागच्या जागी राहतो.

आणि हा प्रश्न नुसत्या नाकाचा नाही. अमेरिकेत बर्कले येथील प्रयोगशाळेने २०१० साली दाखवून दिले, की पृष्ठभागावर बसलेले निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून कर्करोग करणारे नवे पदार्थ तयार करते. हे आम्ल वाहनांच्या धुरातूनही येते. तान्हे मूल जे हाताला लागेल ते तोंडात घालते. म्हणून घरच्या बाईंचे म्हणणे बरोबर होते, असे आम्ही स्नेह्यांना स्पष्ट सांगितले. मग आम्ही मदतीलाही गेलो.

पाऊस उघडलेला दिवस गाठला. हे महत्त्वाचे. भर पावसात सीट भिजवली तर ती वाळत नाही, तिला बुरशी धरते; मग एका वासाचे दोन वास होतात.

पहिल्यांदा मोगऱ्याची बाटली काढून टाकली. कोणी अत्तर ठेवतात, कोणी अर्धे लिंबू ठेवतात, कोणी उदबत्ती लावतात. आमच्या मते हे सगळे पैसे वाया. उदबत्तीचा तर आणखी धूरच! मग राखेची डबी धुतली. सीटच्या फटींतून सिगारेटची थोटके निघाली, ती वेचली. पायाखालच्या मॅट बाहेर काढून साबणाने घासल्या आणि उन्हात टाकल्या.

नंतर काचा. एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्या पाणी. व्हिनेगर म्हणजे सिरका. तांब्याचे भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, त्याला चिंच लागते, तसे इथेही आंबट लागते. ओल्या फडक्याने काच पुसली, तर फडके चहासारखे तपकिरी झाले. स्नेही बघतच राहिले. "हे सगळं आम्ही छातीत घेत होतो?" एवढेच म्हणाले. फडके तीन वेळा बदलावे लागले. हातात रबरी मोजे घालावेत, कारण निकोटीन कातडीतूनही आत जाते.

इथे एक धोका सांगून ठेवतो. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद गाडीत तो जिवावर बेतेल.

सगळ्यात जास्त वास कुठे असतो, सांगा पाहू? छताला. धूर वर जातो, म्हणून छताचे कापड सगळ्यात जास्त धूर पिते. लोक नेमके तेच विसरतात. पण ते जपून पुसावे लागते. कापड आत सरसाने चिकटवलेले असते. फार भिजले तर सुटून खाली लोंबते. साबणाच्या पाण्यात फडके बुडवून घट्ट पिळावे, आणि घासू नये, टिपून घ्यावे. यातच आमचा तासभर गेला.

सीटवर खायचा सोडा भुरभुरवला. धुण्याचा नव्हे, खायचा. तो रात्रभर ठेवला, सकाळी ब्रशने झाडून मशीनने ओढून घेतला. सीटखाली तारा असतात, म्हणून तिथे पाणी ओतले नाही. चारही दारे उघडून आत टेबलपंखा लावला.

तरी एसी लावला की थोडा वास येईच. फिटरने समोरचा खण काढून त्याच्या मागची जाळी दाखवली. पुष्कळ गाड्यांत ही जाळी असते. आत येणारी हवा तिच्यातून गाळून येते. ती काळी झाली होती. ही जाळी धुऊन भागत नाही, नवीच घालावी लागते. जाळी बदलल्यावर काचा उघड्या ठेवून एसी अर्धा तास जोरात चालवला. काही गॅरेजांत ओझोन वायू सोडून वास काढतात. तो वायू फुप्फुसाला वाईट. तसे केलेच तर गाडीत कोणी बसू नये, आणि नंतर गाडी चांगली वाऱ्यावर ठेवावी.

कायद्याचेही सांगतो. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. बस, रेल्वे, टॅक्सी, रिक्षा यांतही बंदीच. चालकाने भाडेकरूला तसे सांगायला भिऊ नये.

दोन दिवसांनी गाडी दुपारी बंद करून उन्हात ठेवली. मग दार उघडून घरच्या बाईंना वास घ्यायला सांगितले. ओढणाऱ्याच्या नाकाला हा वास कळत नाही, म्हणून न ओढणारा माणूस हवा. त्या म्हणाल्या, "गाडीला नाही येत आता. पण ह्या पट्ट्याला येतोय." सीटबेल्ट! तो गुंडाळलेला राहतो, म्हणून आम्ही विसरलो होतो. सगळा बाहेर ओढला, साबणाच्या पाण्याने पुसला, आणि चिमटा लावून तसाच ताणून वाळवला.

"आणि तुमच्या सदऱ्याला येतोय," बाई पुढे म्हणाल्या.

स्नेही स्वतः गाडीबाहेर उभे राहून विडी ओढतात. त्यांनी मान खाली घातली. मुलुंडला निघाले त्या दिवशी सकाळपासून त्यांनी विडी पेटवली नव्हती, आणि अंगात धुतलेला सदरा होता.